तीनशे सातची नोटीस कशी वाचावी

दाराच्या कडीत घडी घातलेला कागद अडकवलेला दिसला तर घाबरू नका. मागच्याच आठवड्यात आमच्याकडे आला. त्यावर 'धारा 307' वाचून आत्यांनी जागीच बसकण मारली, कारण इतकी वर्षं बातम्यांत तीनशे सात म्हणजे खुनाचा प्रयत्न. तेव्हा आधी घरच्यांना पाणी द्या आणि सांगा की हे कलम मध्यप्रदेश नगरपालिक निगम अधिनियम 1956 चं आहे. आपण कुणाला मारलेलं नाही, फक्त घर बांधलंय.

नोटीस कैलासवासी आजोबांच्या नावे असेल. घरपट्टीची पावती तुमच्या नावे असते, गुन्हा त्यांच्या.

आता मजकूर. 'आपके द्वारा स्वीकृत मानचित्र के विपरीत निर्माण किया गया है।' संपला. कुठे, किती, कोणत्या मजल्यावर, पुढच्या एमओएसमध्ये (म्हणजे घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत) की मागच्या, छज्जा की जिना, असलं विचारून रसभंग करू नका. ते घरच्या मंडळींनी आपापसांत ठरवायचं असतं. आमच्याकडे काकांनी धाकट्याच्या गॅलरीकडे बोट दाखवलं, धाकट्याने काकांच्या बोअरिंगवरच्या पत्र्याकडे, आणि काकू बिचारी तुळशीवृंदावन हलवायला निघाली. मग टेप आली, वीस बाय पन्नासचा अख्खा प्लॉट मोजून झाला, ट्रंकेतून पास झालेला नकाशा निघाला, तो घड्यांवर फाटलेला, आणि नेमका मागच्या बाजूचा आकडा त्या घडीत गेलेला. दोन भाऊ अजून बोलत नाहीत. अहो, ज्याने येऊन मोजलं त्याला मोजलेलं लिहायला काय झालं होतं? की मोटरसायकलवरून उतरलाच नाही?

असो. नकाशा काढून देणाऱ्या आर्किटेक्टला फोन करा. तो उचलणार नाही.

नोटिशीवरची तारीख ती हातात पडायच्या बरीच आधीची असते आणि मुदत तीन दिवसांची. उत्तराची वेळ टळल्यावर प्रश्न कळावा, अशी ही परीक्षा आहे.

'अन्यथा की स्थिति में समस्त जवाबदारी आपकी होगी' हे वाक्य पाठ करा. सगळ्या नोटिशीत तेवढंच स्पष्ट असतं.

मग ऑफिसात जा. 'कंपाउंडिंग करवा लो, भिया,' म्हणजे पैसे भरून जास्तीचं बांधकाम नियमित करून घ्या, असं टेबलापलीकडून प्रेमाने सुचवलं जाईल. 2021 मध्ये राज्याने त्याची मर्यादा 10 टक्क्यांवरून 30 वर नेली, तेव्हा आपण पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पण टक्केवारी काढायला जास्तीचं किती ते आधी कळायला हवं ना? ते विचारलंत की निरीक्षक साहेब फील्डवर असतात. रोज. बाहेर पानाच्या टपरीवर मात्र एक गृहस्थ भेटतात, त्यांना तुमच्या घराचं माप, नकाशा, 'रेट', सगळं तोंडपाठ!

पुरे झालं. आता सरळ सांगतो. 13 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने लिहून दिलंय: पाडण्याआधी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने द्या, वास्तूवरही चिकटवा, 15 दिवस द्या, अनधिकृत नेमकं काय ते लिहा, समक्ष ऐकून घ्या. (रस्ता, फुटपाथ किंवा नदी अडवली असेल तर ही ढाल नाही, आणि नसावीच.) मागची तारीख घातल्याचा आरोप नको म्हणून नोटीस दिल्याबरोबर कलेक्टरला ईमेल करायलाही सांगितलंय. म्हणजे तुमची ही खोड दिल्लीपर्यंत माहीत आहे, साहेब! आमचं फूटभर जास्त असेल तर फूटभर लिहा, आम्ही तोडू नाहीतर पैसे भरू, पावती घेऊन. आणि आमच्याच भिंतीला भिंत लावून एमओएस न सोडता पाच मजल्यांचं हॉस्टेल उभं राहिलं, पार्किंगच्या जागी मेस चालते, त्याच्या कडीत कागद अडकवायला हात का पोचत नाही? आणि तुम्ही, वाचणारे, त्या टपरीवाल्या गृहस्थाला चहा पाजणं बंद करा. लेखी उत्तर द्या, आवक शिक्का घ्या, माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून मंजूर नकाशाची प्रत मागा. घरात भांडताय कसले?