साळुंकी 'दुःखी' नाही

एक फॉरवर्ड फिरतो: साळुंकीचा फोटो आणि खाली मजकूर, 'हिचं शास्त्रीय नाव ॲक्रिडोथेरेस ट्रिस्टिस. ट्रिस्टिस म्हणजे दुःखी. जोडीदार मेला की ती आयुष्यभर शोक करते, म्हणून शास्त्रज्ञांनी हे नाव दिलं. एकटी साळुंकी दिसणं अशुभ, हे विज्ञानही मानतं!'

लॅटिन ट्रिस्टिसचा अर्थ दुःखी, उदास असा होतो, एवढं खरं. पण पक्ष्यांच्या नावांत तो बहुधा रंगाबद्दल येतो: मळकट, फिका. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या एका मातकट वटवट्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावातही ट्रिस्टिस आहेच. शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७६६ साली साळुंकीला चक्क झगमगीत पिसांच्या स्वर्गीय पक्ष्यांच्या (बर्ड्स ऑफ पॅराडाइज) पंगतीत बसवलं होतं, पॅराडिसिया ट्रिस्टिस म्हणून. त्या झगमगाटात आपली तपकिरी बाई फिकी दिसणारच. शोकाचा इथे काही संबंध नाही. साळुंक्या जोडीने राहतात, पण जोडीदार गेल्यावर नवा जोडीदारही करतात.

नावाचा पहिला भाग मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. ग्रीकमध्ये ॲक्रिस म्हणजे टोळ, थेरास म्हणजे शिकारी. टोळांचा शिकारी! अठराव्या शतकात मॉरिशसमध्ये टोळांचा बंदोबस्त करायला भारतातून साळुंक्याच नेल्या होत्या.

आणि तो अपशकुन? एक दिसला तर दुःख, दोन दिसले तर आनंद, हे मुळात इंग्लंडमधल्या मॅग्पाय पक्ष्याबद्दलचं बडबडगीत. शाळेत आपण ते साळुंकीच्या गळ्यात मारलं.