नळाने किडन्या गेल्या? पूर्णाकाठचा हिशेब वेगळा आहे

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव या भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: नळयोजना येण्याआधी गावच्या विहिरीचं पाणी अमृत होतं, ते पिऊन आजोबा नव्वदी गाठायचे, पाणी सगळ्यांना फुकट मिळायचं, नळ आले, त्यात टीसीएल पावडर (जंतू मारण्यासाठीची ब्लीचिंग पावडर) पडू लागली आणि घरोघरी किडनीचे पेशंट झाले. म्हणून नळाचं पाणी सोडा, विहिरीकडे परता. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण हे वाचून कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा खारं पाणी पाजू लागलं तर ते नुकसान भरून निघणारं नाही.

आधी ते अमृत. आपण खारपाणपट्ट्यात राहतो. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा. जमिनीखाली गाळाचे जाड थर आणि त्यांत मुरलेलं पाणी मुळातच खारं. कुठल्याही योजनेनं ते तसं केलेलं नाही. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये तर पूर्णाकाठच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत असत, अशी नोंद आहे. सगळ्याच विहिरी तितक्या खाऱ्या नव्हत्या, हे मान्य. नाल्याकाठी एखादी गोड्या पाण्याची विहीर असायची आणि बायका तिथूनच डोक्यावर पाण्याचा गुंड, म्हणजे घागरीसारखं भांडं, घेऊन यायच्या. आजोबांच्या आठवणीत राहिली ती हीच एक विहीर. बाकीच्यांच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे.

१९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर गावोगाव बोअर झाले, हातपंप बसले. इतर भागांना त्यांनी तारलं. आपल्याकडे बोअर खोल नेलं तरी हाती बहुधा खारंच लागलं. म्हणून उपाय शोधावा लागला तो सातपुड्याच्या पायथ्याशी: पावसाचं पाणी खाऱ्या थरांत मुरण्याआधीच धरणात अडवायचं आणि पाइपानं खाली आणायचं. वान धरणावरची ८४ खेडी योजना आणि दर्यापूर-अंजनगावकडे येणारं शहानूर धरणाचं पाणी, दोन्हींमागे हाच विचार आहे. अकोल्याच्या दक्षिणेला महानच्या काटेपूर्णा धरणावर ६४ खेड्यांची खांबोरा योजना उभी राहिली.

आता टीसीएल. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक साधारण १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम पावडर टाकतो. तिच्यात क्लोरीन एक तृतीयांश धरा, म्हणजे लिटरमागे दीड-पावणेदोन मिलिग्रॅम. तेही जंतू मारण्यात बरंचसं खर्च होतं, नळाशी ०.२ मिलिग्रॅम उरलं तरी पाणी सुरक्षित मानतात. याउलट पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त २,००० चालतील, असं भारतीय मानक सांगतं. आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी विहिरी ही हद्द ओलांडतात. २,००० च्या पाण्याची १,००० लिटरची टाकी भरली तर तिच्यात दोन किलो क्षार असतात. पाच ग्रॅमला भ्यायचं आणि दोन किलो निमूट प्यायचं, हा कुठला हिशेब? शिवाय उकळून क्षार जात नाहीत, तुरटीनंही जात नाहीत.

किडनी बिघडण्याची कारणं अनेक आहेत: मधुमेह, रक्तदाब, मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, उन्हातान्हात राबताना पाणी कमी पिणं. पण ज्या गावांत नळाचं गोडं पाणी पोचलेलंच नाही तिथले लोक काय मागतात ते पाहा. एप्रिल २०२३ मध्ये बाळापूर तालुक्यातल्या ६९ गावांच्या योजनेसाठी अकोल्याहून नागपूरकडे पदयात्रा निघाली, ती सोबत खारं पाणी घेऊन. विहिरीचं पाणी अमृत असतं तर लोक एवढे चालले नसते.

आजोबा नव्वदीचे झाले, कारण ते वाचले. १९५१ च्या सुमारास भारतात जन्मणाऱ्या मुलाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. लहानपणीच हगवणीनं, पटकीनं गेलेल्या त्यांच्या भावंडांची नावंही आज घरात कुणाला सांगता येत नाहीत. आणि नारू? पायातून हातभर लांब किडा काडीला गुंडाळत बाहेर काढावा लागायचा. तो यायचा पायऱ्यांच्या विहिरींतून, जिथं माणसं पाण्यात उतरून पाणी भरत. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ चा. लोकांनी पाणी गाळून प्यायला सुरुवात केली, हातपंप आणि नळ आले, पायऱ्यांच्या विहिरी सुटल्या. नारू गेला तो त्यामुळे.

‘सगळ्यांना फुकट’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. सगळ्यांना म्हणजे कोणाला? पंजाबराव देशमुख १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. त्या आधीच खुल्या असत्या तर हे करावं लागलं नसतं. ज्यांच्या आज्या विहिरीपासून लांब उभ्या राहून कुणी गुंडात पाणी ओतेल याची वाट पाहत होत्या, त्यांनाही हा मजकूर येतोच आहे.

मग तक्रार खोटी आहे का? नाही. नळ आठवड्यातून एखाद्या वेळी येतो, कधी त्याहूनही उशिरा. मधल्या काळात रिकाम्या पाइपात फुटक्या जोडांतून नालीचं पाणी ओढलं जातं, आणि पहिल्या धारेला वास येतो तो त्याचा. या गोष्टीवर बोललंच पाहिजे, पण ग्रामसभेत आणि नेमकं बोललं पाहिजे. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का हे थेंब टाकून रंगावरून पाहण्याची चाचणी, टाकीखाली नको, गावाच्या टोकाच्या शेवटच्या घरी, सगळ्यांसमोर करायला लावा. पाणी पिवळं झालं नाही तर क्लोरीन तिथवर पोचलेलं नाही. पाण्याची जोखीम तपासून गावाला मिळालेलं कार्ड हिरवं (कमी), पिवळं (मध्यम) की लाल (जास्त), ते विचारा. गळक्या व्हॉल्व्हची यादी मागा. विहीर बुजवू नका. धुण्याभांड्याला, गुरांना तिचं पाणी घ्या. पिण्याचा गुंड मात्र नळावर भरा.