गोव्यात ‘नाइट मारायला’ येणाऱ्यांसाठी काही मोलाच्या सूचना

शुक्रवारची रजा टाकून झाली आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘गोवा फायनल’ नावाचा ग्रुप निघाला आहे आणि त्यातले निम्मे अजून ‘घरी विचारून सांगतो’वर अडकलेत. म्हणजे तुम्ही येणार. दरवर्षी येता. तेव्हा बार्देशात जन्मलेला, हडफडे-नागव्याच्या परिसरात घर असलेला आणि त्यामुळे रात्री झोपायची सवय मोडलेला एक माणूस या नात्याने चार गोष्टी सांगतो. फुकट सांगतो. या पट्ट्यात फुकट मिळणारं आता एवढंच उरलंय.

आधी भूगोल. गोवा हे एक शहर आहे. ते कांदोळीला सुरू होतं आणि कळंगुट, बागा, हणजूण करत वागातोरला संपतं. नकाशावर सांगे, सत्तरी, काणकोण अशीही नावं दिसतील. तिकडे डीजे नसतो, तेव्हा लक्ष देऊ नका. या शहरात कोणी राहत नाही. रस्त्याकडेला कौलारू घरं दिसतात, कुणाच्या दारात तुळस, कुणाच्या दारात क्रूस, तो सगळा तुमच्या रीलसाठी लावलेला सेट आहे. खिडकीतून एखादी म्हातारी रात्री दीड वाजता बाहेर बघत असेल, तर ती वैतागलीय असं समजू नका. हात करा, तिलाही बरं वाटेल.

कधी यावं? नाताळ ते ३१ डिसेंबर. बाकी सगळे तेव्हाच येतात.

कुणाबरोबर यावं? सहा-सात पुरुष, बाई एकही नाही, ही आदर्श तुकडी. दारावरचा बाउन्सर ‘स्टॅग नॉट अलाउड’ म्हणेल, पण खचून जाऊ नका. त्याने नुसती घासाघीस सुरू केलेली असते. बाग्याच्या गल्लीत शिरलात की दर दहा पावलांवर एक पोरगा आडवा येतो. ‘सर, अनलिमिटेड, सर, फ्री शॉट्स, सर, क्राउड एक नंबर.’ त्याच्यावर संपूर्ण विश्वास ठेवा. त्याने सांगितलेल्या आकड्याचा आणि आतल्या काउंटरवरच्या आकड्याचा काही संबंध असावा, हा हट्ट मध्यमवर्गीय आहे. अनलिमिटेडची लिमिट आत गेल्यावर कळते. बारपुढे एवढी झुंबड असते की बारा वाजेपर्यंत दोन ग्लास हाती लागतात, आणि दुसऱ्यात निव्वळ बर्फ असतो.

फेणी मागू नका. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो आमचा स्थानिक अभिमान झाला. तुम्ही नाक मुरडणार आणि कुंडीत ओतणार. त्यापेक्षा गुरुग्रामला मिळतं तेच कॉकटेल गुरुग्रामच्याच भावात घ्या. वर कागदी छत्री खोचली की झाला गोवा.

बिल वाचू नका. अंधार त्यासाठीच ठेवलेला असतो. तरी वाचलंतच आणि खाली सर्व्हिस चार्ज दिसलाच, तर वेटरला फैलावर घ्या. हा चार्ज बिलात आपोआप लावू नका, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच बजावलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय, हे त्याला मोठ्याने ऐकवा. तो बहुतेक झारखंडचा, आसामचा नाहीतर नेपाळचा पोरगा असतो. चार्ज त्याने लावलेला नसतो, त्याला काढताही येत नाही, आणि मालक त्याने स्वतःही क्वचितच पाहिलेला असतो. म्हणूनच त्याच्यावर ओरडायला बरं पडतं.

किनाऱ्यावर बसून प्यायची हौस असेल तर जरूर भागवा. त्याला २०१९ साली एकट्यादुकट्याला दोन हजार आणि टोळक्याला दहा हजार दंड ठरला होता, २०२५ मध्ये तो एक लाखापर्यंत नेला. निघताना बाटली फोडायला विसरू नका.

आणि परत जाताना गाडी तुम्हीच चालवा. पिऊन चालवण्याचा पहिला दंड दहा हजारांपर्यंत आहे. टेबलाचं ‘मिनिमम’ त्याहून जास्त भरून आलात, त्यात हे काय!

आता पार्किंग. इथे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण या कलेत तुमचा हात धरणारा कोणी नाही. क्लबच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची नाही. तिथून निघायला वेळ लागतो. गल्लीत शिरायचं, एखाद्या घराचं फाटक शोधायचं आणि बरोबर त्याला आडवी लावायची. फाटकावर ‘नो पार्किंग’ लिहिलेलं असेल तर उत्तम, कारण तिथे जागा हमखास रिकामी असते.

गेल्या शनिवारी माझी बहीण रात्रीच्या विमानाने मोप्याला उतरणार होती. मी गाडी काढायला बाहेर आलो तर फाटकाला आडवी एक पांढरी थार. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याची. काचेवर नंबर नाही, चिठ्ठी नाही. हॉर्न वाजवला. पलीकडे एवढा धिंगाणा चाललेला की माझा हॉर्न मलाच ऐकू येईना. शेवटी लेंगा आणि घरातला शर्ट, तसाच चालत क्लबच्या दारात गेलो.

‘अंकल, स्टॅग नॉट अलाउड.’

म्हटलं, बाबा, मला नाचायचं नाही. माझ्या फाटकासमोर गाडी लागलीय, तिचा मालक आत आहे, त्याला बाहेर बोलव. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. ‘चप्पल भी नॉट अलाउड.’ मग आतून एक मॅनेजर आला. काळा शर्ट, कानात वायर, अतिशय नम्र. म्हणाला, ‘सर, तुम्ही आत जाऊन शोधू शकता, पण कव्हर चार्ज लागेल. रिडीमेबल आहे.’ म्हणजे माझ्या घराचं फाटक अडवणारा माणूस शोधायला मी पैसे भरायचे, आणि वर त्यांचीच दारू प्यायची! डीजेला माइकवरून गाडीचा नंबर सांगायला सांग, म्हटलं. तर म्हणे, ‘सर, व्हाइब जाते.’

व्हाइब जाते! तिकडे माझी बहीण बॅगा घेऊन विमानतळाबाहेर उभी, इकडे माझी गाडी माझ्याच अंगणात कैदेत, आणि याची व्हाइब जाते. शेवटी बहीण टॅक्सी करून आली. किती पैसे दिले ते विचारू नका. गोव्यातल्या टॅक्सीवर लिहायला बसलो तर हा लेख राहून जाईल.

अडीच वाजता मालक उगवले. चौघे होते. एक जण आमच्या कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून मोकळा होत होता. मला वाटलं दिल्लीकर असतील. आम्हाला सगळं दिल्लीवर ढकलायची सवय आहे. तर त्यातला जरा शुद्धीवर असलेला शुद्ध सदाशिव पेठी मराठीत म्हणाला, ‘काका, चिल ना. दोनच मिनिटं लावली होती.’

काका! भिंत ओली आणि वर काका!

असो. संगीताकडे वळू. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही, असा नियम देशभर २००० सालापासून आहे. वस्तीत रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. सणासमारंभासाठी राज्य सरकार बारा वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. आमच्याकडे हे पंधरा दिवस दर शुक्रवारी सुरू होतात. क्लबवाले म्हणतात, आमचं सगळं बंदिस्त आहे, साउंडप्रूफ आहे. एका बाजूला भिंत नाही, वर झावळ्या, आणि साउंडप्रूफ. मग माझ्या फडताळातल्या लोणच्याच्या बरण्या रात्रभर एकमेकींवर का आपटतात? गाणं ऐकू येत नाही, शब्द कळत नाहीत, फक्त तो बेस. उशीतून येतो, भिंतीतून येतो, दाढेत येतो. आईने कानात कापूस घालून पाहिला, आता ती पहाटे चारला झोपते आणि नऊला उठून ‘आज एवढा उशीर कसा झाला’ म्हणून स्वतःलाच बोल लावते. तिच्या नव्वदीला आलेल्या आयुष्यात ती कधी सहानंतर उठली नव्हती.

पोलिसांना फोन करा म्हणता? करतो ना. ११२ लावतो. जीप गल्लीच्या तोंडाशी दिसली की आवाज खाली येतो. पोलीस उतरतात, कान देतात, ‘आता तर काही ऐकू येत नाही’ म्हणतात. जीप वळते. जीपचा मागचा लाल दिवा दिसेनासा झाला की पुन्हा धडाड्. जीप निघालीय हे त्यांना आधी कसं कळतं, यावर मी काही बोलणार नाही. मला याच गावात राहायचंय.

पहाटे पोदेर येतो, सायकलला मागे पावांची टोपली, पोंक पोंक वाजवत. हल्ली तो आमच्या वळणावर उतरून सायकल हातात धरून चालतो. रस्ताभर काचा असतात, टायर किती वेळा बदलणार? तुम्ही तेव्हा हॉटेलवर घोरत असता. अकरा वाजता उठून ‘तो गोअन ब्रेड कुठे मिळतो’ म्हणून विचारत याल.

आता यात आमचे लोक धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही. कुणाच्या जमिनीवर उभे आहेत हे क्लब? आमच्याच शेजाऱ्यांच्या. भाडं एवढं मिळतं की मालक स्वतः पर्वरीला फ्लॅट घेऊन शांत झोपतो. गावात उरतो तो ज्याची जमीन कुणी मागितली नाही तो. मिठागर बुजवून बांधकाम होतं तेव्हा पंचायत डोळे मिटते. उघडले तर नोटीस काढते. नोटिशीवर वर कुठेतरी स्थगिती मिळते. मग सगळे मिळून म्हणतात, ‘टूरिझम आहे म्हणून तुमचं घर चालतं.’ माझं घर माझ्या पेन्शनवर चालतं हो!

तुम्हाला हे सगळं रडगाणं वाटत असेल. सुट्टीवर आलेल्या माणसाला काय करायचीय स्थगिती आणि डेसिबल. मग एकच गोष्ट ऐका, आणि आता चेष्टा नाही करत.

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री इथे हडफड्यात एका क्लबला आग लागली. शनिवार होता. पंचवीस माणसं मेली. पाच पर्यटक. बाकीची वीस तिथे काम करणारी: भांडी घासणारी, पोळ्या लाटणारी, तुमचा ग्लास भरून आणणारी. त्यातली बरीच तळघराकडे, स्वयंपाकघराकडे पळाली आणि धुरात गुदमरली. बंब आत नेता आले नाहीत, रस्ताच तेवढा नव्हता. बांधकाम पाडायचा आदेश आधीच निघालेला होता आणि त्याला स्थगिती होती. मालक थायलंडला निघून गेले, त्यांना तिथून आणावं लागलं. झारखंडच्या, आसामच्या, उत्तराखंडच्या, नेपाळच्या घरी पेट्या गेल्या. मुंबईकरांना तर नव्याने सांगायला नको. कमला मिलच्या गच्चीवर २०१७ च्या डिसेंबरात चौदा माणसं गेली, तेव्हाही आठवडाभर सगळीकडे तपासण्या चालल्या होत्या. आमच्याकडेही चालल्या. काही ठिकाणी कुलपं लागली. आणि त्याच आठवड्यात माझ्या भाच्याचा फोन आला, ‘मामा, एकतीसला कुठलं चालू आहे, तेवढं बघून ठेव ना.’ भाचा माझाच आहे, चांगला शिकलेला आहे. त्याला झापला. तो म्हणाला, ‘मामा, आम्ही काय केलं?’

काय केलं! दाराशी पैसे मोजलेत आणि आत शिरलात. आग विझवायची सोय आहे का, परवाना आहे का, छत कशाचं आहे, काही पाहिलं नाहीत. हॉटेलातल्या उशीवर केस सापडला तर एक स्टार देता, चार परिच्छेद लिहिता. आणि पाचशे माणसं कोंबलेल्या झावळ्यांच्या मांडवात एकच जिना आहे, हे तुम्हाला दिसत नाही? दिसतं. ‘चलता है’ म्हणता. तुम्ही विचारत नाही म्हणून तर ते दुसरा जिना बांधत नाहीत. त्या जागेत आणखी चार टेबलं बसतात ना.

पुढच्या वेळी दाराशी घासाघीस कराल तेव्हा कव्हर चार्जच्या जोडीने एवढंही विचारा: बाहेर पडायचं दुसरं दार कुठे आहे? आत जाऊन दाखवा म्हणा. त्या दारापुढे बिअरचे क्रेट रचलेले असतील तर उलटे फिरा, पैसे गेले तर जाऊ द्या. आणि स्वयंपाकघरातली पोरं कुठून बाहेर पडतात, तेही विचारा. तुम्ही गिऱ्हाईक आहात, तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. आम्ही विचारायला गेलो तर चपला बघतात.