ब्रेक थंड पडल्याची गोष्ट

गाडीचे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची, पातळी टाकीवरच्या खालच्या रेघेच्याही खाली गेलेली दिसली, म्हणून मी इंजिन पूर्ण थंड असताना, वाकून, कसरत करीत, तयार मिश्रणाचे अर्धा पेला कूलंट टाकीत ओतले आणि झाकण घट्ट लावले. एवढ्या कर्तृत्वावर गेले चार दिवस आमच्या इमारतीत मी ‘ब्रेकमध्ये पाणी घालणारे’ म्हणून ओळखला जात आहे.

गाडी सुरू करून फाटकाकडे निघालो, ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल दगडासारखे घट्ट. एरवी पाय नुसता टेकवला तरी थांबणाऱ्या गाडीला थांबवण्यासाठी मला पाठ सीटला रेटून, दातओठ खाऊन पाय दाबावा लागला. गाडी थांबली, पण फाटकाशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचणाऱ्या तळमजल्यावरच्या काकांपासून वीतभर अंतरावर. काकांनी आधी हातातले पान उलटले आणि मग माझ्याकडे पाहिले. त्या क्रमाबद्दल मला अजूनही आदर वाटतो; पुढच्या संभाषणाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

“मघाशी कूलंट घातलंत ना?” काकांनी विचारले. मी होकार दिला.

“मग ब्रेक थंड पडले.”

काकांनी आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेले नाही, हे मला ठाऊक होते. तरीही मी शांतपणे समजावले, की कूलंट इंजिन आणि रेडिएटर यांच्यात फिरते, ब्रेक ऑइलची टाकी आणि नळ्या पूर्णपणे वेगळ्या असतात, आणि या दोघांची भेट होण्याचे काहीच कारण नसते.

“म्हणजे टाक्या दोन,” काका म्हणाले. “आणि तुम्ही बरोबर त्याच टाकीत ओतलंत, याची तुम्हाला खात्री आहे?”

खात्री होती, त्यांनी विचारेपर्यंत होती. मी खाली उतरलो आणि बॉनेट पुन्हा उघडले. ब्रेक ऑइल दोन रेघांच्या मधोमध, जिथल्या तिथे होते. तेवढ्यात काकांनी कूलंटचा डबा उचलून वास घेतला, “गोडसर आहे की,” असे म्हणत बोट आत घालण्याचा बेत केला, आणि मी त्यांचा हात जवळजवळ झटकलाच, कारण त्यातले इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि पोटात गेल्यास जीवघेणे असते.

“काका, ते विष आहे!”

“आणि तुम्ही ते असं उघड्यावर ठेवता?” काकांनी विचारले. आतापर्यंत जमलेल्या तिघांनी माझ्याकडे पाहिले. मी बुचकळ्यात पडून डब्याला झाकण लावले.

मग साधे पाणी का घातले नाही, असा प्रश्न आला. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकोल असे मिश्रण शून्याखाली साधारण ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पाण्यापेक्षा उशिरा उकळते, आणि त्यातल्या रसायनांमुळे इंजिन आतून गंजत नाही, असे मी सांगितले. “शून्याखाली ३७ अंशांत तुम्ही कुठे निघाला होतात?” काका म्हणाले. मी ऑफिसला निघालो होतो.

अखेर मेकॅनिक आला. त्याने इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबले, मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू केले. अशा वेळी पेडल किंचित खाली जायला हवे; ते ढिम्म हलले नाही. नंतर त्याने बॉनेटखाली कान लावला. इंजिनाकडून ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम पुरवणारी नळी अर्धवट निसटून फुसफुसत होती. पायाचा जोर वाढवून देणारा बूस्टर त्यामुळे बसला होता, आणि गाडी केवळ माझ्या पायाच्या ताकदीवर थांबत होती. त्याने नळी दाबून बसवली, क्लिप लावली, आणि काम अर्ध्या मिनिटात संपले.

“वाकताना कोपर लागलं असणार, साहेब,” तो म्हणाला.

“म्हणजे कूलंट घालतानाच ना?” काका म्हणाले.

याला उत्तर नाही. पण मला विचारायचे आहे ते गाडी बनवणाऱ्यांना. काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीला ठसठशीत निळे झाकण आणि त्यावर कारंज्याचे चित्र देण्याइतकी माया तुमच्यापाशी आहे, तर माझा जीव जिच्यावर अवलंबून आहे ती नळी कोपराच्या वाटेत का ठेवता? पुस्तिकेत याविषयी एक अक्षर नाही. गाण्यांचा आवाज कसा वाढवावा, यावर मात्र चार पाने आहेत.

शिवाय बंद व्यवस्थेतले कूलंट मुळात कमी झालेच कसे, हे या गदारोळात कोणीच विचारले नाही, मीसुद्धा नाही. आज सकाळी पाहिले, तर पातळी पुन्हा रेघेखाली आहे. मी कूलंटचा डबा घेऊन खाली उतरलो, तेव्हा काका काही न बोलता उठले आणि खुर्ची खांबाच्या मागे नेऊन बसले.