स्पॉटिफायमध्ये मॅनेजर होते

आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर एक दावा सतत फिरत असतो: ‘विभाग आणि वरिष्ठांची उतरंड आता जुनी झाली. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपच्या कंपनीसारखे स्क्वॉड करा, मॅनेजर काढून टाका, वेग आपोआप वाढेल.’ हे वाचून कंपन्या खरोखरच माणसं हलवतात, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

‘स्पॉटिफायने मॅनेजर काढले.’ साफ चूक. स्क्वॉड, ट्राइब, चॅप्टर हे शब्द जगभर गेले ते स्पॉटिफायच्या पद्धतीवरच्या २०१२ मधल्या एका लेखामुळे. त्यात स्क्वॉड म्हणजे सहसा आठाहून कमी जणांची टीम. तिला नेमलेला प्रमुख नसतो, पण कामाचा क्रम लावायला प्रॉडक्ट ओनर असतो. संबंधित काम करणाऱ्या स्क्वॉडांचा गट म्हणजे ट्राइब. ट्राइबमधले एकाच कौशल्याचे लोक, समजा सगळे टेस्टर, मिळून चॅप्टर होतो आणि चॅप्टर लीड हा त्यांचा लाइन मॅनेजर, म्हणजे थेट वरिष्ठ. पगार त्याच्याच हातात. शिवाय ही फक्त त्या वेळची स्थिती आहे, असं लेखातच म्हटलेलं आहे.

‘कामानुसार विभाग ही कालबाह्य रचना.’ मग ॲपलचं काय? १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज परतले, तेव्हा तिथे उत्पादनगटांना वेगवेगळे जनरल मॅनेजर आणि वेगवेगळा नफा-तोटा होता. जॉब्जनी ते मोडून हार्डवेअर, सॉफ्टवेअर, डिझाइन असे कामानुसार विभाग केले. आयफोन याच रचनेतून आला.

‘मॅनेजर गेले की वेग वाढतो.’ गुगलने २००२ च्या सुमारास इंजिनिअरिंग मॅनेजर काढून पाहिले. खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं थेट संस्थापक लॅरी पेजकडे जाऊ लागलं आणि काही महिन्यांत प्रयोग आवरावा लागला.

वेग अडतो तो बहुतेकदा दुसरीकडेच. बिलाच्या स्क्रीनवर एक रकाना वाढवायचाय असं समजा. स्क्वॉडने दोन दिवसांत कोड लिहिला. पण त्या माहितीचं टेबल सगळ्यांच्या सामायिक डेटाबेसमध्ये, त्यातला बदल डीबीएच्या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या, मंजुरीशिवाय होत नाही आणि रिलीज महिन्यातून एकदा. दोन दिवसांचं काम तीन आठवडे पडून राहतं. माणसांची विभागणी आणि कोडची विभागणी जुळावी लागते, हे संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वेने १९६८ मध्येच मांडलं होतं. कोड एकत्रच ठेवून माणसं वाटली, तर स्क्वॉड नावापुरताच.

म्हणून कंपनीच्या रचनेचा तक्ता बदलण्याआधी गेल्या तिमाहीत लाइव्ह गेलेली वीस कामं काढा. प्रत्येकापुढे दोन आकडे लिहा: हातात काम असलेले दिवस आणि वाट पाहण्याचे दिवस. वाट कोणाची पाहिली, तेही लिहा. तेच नाव वारंवार आलं, तर त्या टीममधला माणूस स्क्वॉडमध्ये बसवा किंवा ती मंजुरी तपासणीच्या स्क्रिप्टवर सोपवा. नावं पसरलेली असतील, तर आधी डेटाबेस आणि रिलीज वेगळे करा, स्क्वॉड नंतर.

आणि अप्रेझलचं, म्हणजे वार्षिक मूल्यमापनाचं, पहिल्याच दिवशी लेखी ठरवा. चॅप्टर लीड बहुतेकदा दुसऱ्या स्क्वॉडमध्ये बसतो, त्याला माणसाचं रोजचं काम दिसत नाही. प्रॉडक्ट ओनरला दिसतं, पण पगार त्याच्या हातात नाही. दोघांचं मत कधी आणि कसं घ्यायचं हे मोघम राहिलं, की चांगला इंजिनिअर वर्षअखेरीला दोघांच्या मधे अडकतो आणि राजीनामा देतो.