सही करण्याआधी बघायला नको होतं का?

करारात फसलेल्या कुणाचाही विषय निघू द्या, दोन मिनिटांत कुणीतरी हे म्हणतंच. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण होतं काय, की खोटं बोलणारा नामानिराळा राहतो आणि विश्वास ठेवणाऱ्याचीच उलटतपासणी सुरू होते. समोरच्या पार्टीचा वकीलही कोर्टात अगदी याच सुरात हेच विचारतो. माझं स्पष्ट मत आहे की जाणूनबुजून खोटं सांगून करार गळ्यात मारला असेल, तर हा प्रश्न विचारायचा कुणाला अधिकारच नाही, आणि खोटं बोलणाऱ्याला तर मुळीच नाही. हे मत माझ्या पदरचं नाही. न्यायालयं शतकाहून जास्त काळ हेच सांगत आली आहेत.

इंग्लंडमधला १८८१ चा रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड हा खटला बघा. एका वयस्क सॉलिसिटरला, म्हणजे वकिलाला, भागीदार हवा होता आणि त्या भागीदाराने त्याचं घरही विकत घ्यायचं होतं. धंद्यातून वर्षाला ३०० ते ४०० पौंड सुटतात, असं त्याने सांगितलं. कागद दाखवले त्यात जेमतेम २०० चा हिशेब. बाकीच्या कामाचं विचारलं तर कागदांचा एक गठ्ठा पुढे केला. भागीदार व्हायला आलेल्या हर्डने तो नीट चाळलाच नाही. चाळला असता तर त्यात पाच-सहा पौंडांचंच काम आहे हे कळलं असतं. पुढे सगळं उघड झाल्यावर त्याने घर घ्यायला नकार दिला आणि अपील न्यायालयाने त्याला करारातून मोकळं केलं. तुला शोधून काढता आलं असतं, हा बचाव खोटी माहिती देणाऱ्याला मिळत नाही, असं न्यायालयाने ठणकावलं. लक्षात घ्या, इथे मुद्दाम फसवल्याचं सिद्धही झालेलं नव्हतं. त्यामुळे हर्डला फसवणुकीची भरपाई मिळाली नाही, पण सुटका झाली.

बरं, करारातच लिहून घेतलं तर? ‘सर्व माहितीची खातरजमा मी स्वतः केली आहे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी सही करताना पाहिलेलं आहे. १९०७ मध्ये डब्लिन महापालिकेच्या सांडपाणी प्रकल्पाच्या कंत्राटात तसंच कलम होतं. नकाशात एका जुन्या भिंतीची खोली चुकीची दाखवलेली, तिच्या भरवशावर ठेकेदाराने दर लावलेला. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं की असलं कलम प्रामाणिक चुकीसाठी ठीक, स्वतःच्या लबाडीची ढाल म्हणून ते वापरता येणार नाही. मला हा निकाल फार आवडतो. नाहीतर प्रत्येक लबाड आधी ते कलम टाईप करून घेईल आणि मग तोंड उघडेल.

भारतीय करार कायदा, १८७२ वाचणारे इथे कलम १९ चा अपवाद पुढे करतील. साधारण दक्षतेने सत्य कळू शकलं असतं तर करार रद्द करता येत नाही, असं त्यात आहेच. पण तो अपवाद पूर्ण वाचा. तो चुकीच्या, पण प्रामाणिक माहितीला आणि गप्प राहून केलेल्या कपटाला लागू होतो. तोंडावर धडधडीत खोटं बोलणाऱ्याला तो वाचवत नाही.

गप्प राहण्याचा भाग मात्र खरंच अवघड आहे. त्याच कायद्यात कलम १७ खालचं घोड्याचं उदाहरण आहे. घोडा सदोष आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे आणि तो काहीच बोलत नाही, तर ते कपट नाही. पण घेणारा म्हणाला, ‘तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन’, आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर तेच मौन बोलण्याइतकं होतं. फरक कशाने पडला? एका वाक्याने. म्हणून कुणी सल्ला मागितला तर मी ‘सगळे कागद तपासा’ म्हणत नाही. ते कुणाकडूनच होत नाही. मी म्हणतो, ज्या गोष्टीवर तुमचा निर्णय अवलंबून आहे ती सरळ विचारा, ईमेलवर विचारा, उत्तर जपून ठेवा.

त्याचा उपयोग पुराव्यालाही होतो, आणि घोडं खरं तिथेच अडतं. १८८९ च्या डेरी विरुद्ध पीक खटल्यात ट्राम कंपनीच्या संचालकांनी शेअर विकताना काढलेल्या माहितीपत्रकात वाफेवर गाड्या चालवायचा हक्क आहे असं छापलं होतं. त्याला बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याची संमती लागायची आणि ती बहुतेक मार्गासाठी मिळालीच नाही. कंपनी बुडाली, तरी संचालक सुटले, कारण त्यांचा त्या विधानावर खरोखर विश्वास होता. खोटं आहे हे माहीत असणं, खरं असल्याचा विश्वास नसणं, किंवा खरं-खोटं काहीही असो, मला काय त्याचं, अशी बेफिकिरी, यातलं काहीतरी दाखवावं लागतं. नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. अनेकांना हे जाचक वाटतं. मला वाटत नाही. कुणाला लबाड ठरवायचं तर तेवढी पायरी हवीच. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही दाव्यात कपटाचा तपशील द्यावा लागतो: कोण, कधी, काय बोललं. ‘आम्हाला फसवलं हो’ एवढ्यावर भागत नाही.

आणि ‘बघायला नको होतं का’ हा प्रश्न एका जागी मात्र रास्त ठरतो. दावा किती काळात लावायचा हे ठरवणाऱ्या मुदतीच्या कायद्यात घड्याळ कपट कळल्यापासून सुरू होतं, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर ज्या दिवशी कळलं असतं तेव्हापासून. करार रद्द करून घ्यायला तिथून तीन वर्षं. शिवाय कळल्यानंतरही हप्ते भरत राहिलात, फायदे घेत राहिलात, तर तुम्ही करार मान्य केलात असा अर्थ निघू शकतो, आणि मग तो रद्द करायचा हक्क जातो. समोरचा ‘बसून मिटवू’ म्हणत महिने घालवत असेल तर बसा जरूर, पण त्याआधी लेखी नोटीस गेलेली असू द्या.