सदाफुलीची पानं चावून शुगर आणि कॅन्सर जात नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की रोज सकाळी उपाशीपोटी सदाफुलीची चार पानं चावून खा, शुगर कायमची जाते आणि कॅन्सर पण बरा होतो, कारण कॅन्सरचं औषध ह्याच झाडापासून बनतं. शेवटचं वाक्य खरंय, म्हणूनच बाकीचं पण लोकांना पटतं आणि तिथेच सगळा घोळ होतो.

झालं असं की सदाफुली डायबेटिसवर घरगुती उपाय म्हणून वापरतात हे ऐकून १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तिचा अर्क उंदरांवर तपासला, तर शुगरवर विशेष काहीच नाही पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. त्यातूनच विनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध सापडलं, पुढे तसंच विनक्रिस्टिन आलं, ते ल्युकेमियाच्या म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना आजही देतात. पण हे द्रव्य पानात इतकं कमी असतं की एक ग्रॅम विनब्लास्टिनला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात, आणि डॉक्टर ते मोजून थेट शिरेतून देतात, पोटातून नाही.

मग चार पानांनी काय बिघडतं? अहो, पानात बाकीचे अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर जोरदार परिणाम करणारी रसायनं, पण असतात, उलट्या होऊ शकतात, बीपी उतरू शकतं, आणि शुगरची गोळी बंद करून कोणी पानांवर राहिलं तर ते फारच धोक्याचं. गरोदर बाईने तर अजिबात खाऊ नयेत.

झाड मात्र जरूर लावा, कमी पाण्यात वर्षभर फुलतं, कुंडीत इतकं छान दिसतं!